उतरणं एक, उडणं एक

अर्जातला अकरावा रकाना विचारतो:
वर्षाकाठी विमानांची ये-जा किती?
आमच्याकडे मनोरा नाही, मोजायला पगारी माणूस नाही.
उत्तर डकोटाच्या या टोकाला
बत्तीसशे फुटांची एक पट्टी,
भेगांत अख्खा पंजा जाईल इतकी जुनी,
आणि पट्टीच्या कडेला आर्लिस ट्वेटचं स्वयंपाकघर.

आर्लिसकडे वही आहे.
बियाणं कंपनीनं फुकट वाटलेली, वर सूर्यफूल.
एकोणीस वर्षं ती रेघा ओढते आहे,
चार उभ्या, एक आडवी,
बटाटे सोलता सोलता.
"उतरणं एक, उडणं एक," ती मला समजावते.
मी काउंटीची कारकून, फॉर्म मांडीवर.
"विमान एकच असलं तरी रेघा दोन."

जूनची पानं गच्च:
टकर बोजचं फवारणीचं पिवळं विमान
दिवसातून तीसदा.
जानेवारीचं पान कोरं.
कोपऱ्यात बारीक अक्षरात: कोल्हा. मोजला नाही.

फेब्रुवारी. रात्री दोन वाजून दहा.
उत्तरेकडचे अकरा दिवे मेलेले,
वर अँब्युलन्सचं विमान घिरट्या घालत,
खाली व्हर्लिन, छातीवर हात.
शेजाऱ्यांनी फोनाफोनी करून
पिकअप गाड्या पट्टीच्या कडेनं लावल्या,
हेडलाइट बर्फाकडे.
त्या उजेडात पायलट उतरला. रेघ एक.
वीस मिनिटांनी व्हर्लिनला घेऊन उडाला. रेघ दोन.

व्हर्लिन परतला तो रस्त्यानं,
चार दिवसांनी, लांब काळ्या गाडीतून.
ते वहीत नाही.
"ती गाडी होती," आर्लिस म्हणते.

रकाना सतरा: गरज थोडक्यात लिहा.
मी लिहिते, प्रकाशयोजना अपुरी.
आर्लिस चष्मा पुसून वाचते.
"अपुरी," म्हणते, आणि पुढचा बटाटा घेते.
मी खोडते.
मग लिहिते कुणाची फोर्ड, कुणाची शेव्हर्ले,
कुणाच्या गाडीचा एकच दिवा चालू होता.
समासापर्यंत जाते, समासातही लिहिते.

शंभरातले नव्वद वॉशिंग्टन देणार,
पाच राज्य, पाच आम्ही.
आमचे पाच म्हणजे
चर्चच्या तळघरात मीटबॉलचं जेवण,
टकरच्या भावाच्या सेस्नातून फेरी, माणशी वीस डॉलर,
आणि गंजलेला रोलर, भंगारात.
शिवाय हमीपत्र:
पुढची वीस वर्षं ही पट्टी बंद करणार नाही.
मंडळावर पाच जण, सरासरी वय एकाहत्तर.
शहाऐंशीचा लेलंड होव्डा सही करताना म्हणाला,
"वीस? बरं. मला तरी कुठे जायचंय."

पहिल्या वर्षी कुंपण आलं.
प्राधान्यक्रमात हरणं आमच्या वर होती.
हरणांनी कुंपण पाहिलं,
त्याच्या कडेनं चालत फाटकापर्यंत आली,
फाटक उघडंच होतं.

दिवे दुसऱ्या वर्षी.
पायलटनं वरून रेडिओचं बटण पाचदा दाबायचं,
दिवे लागतात, पंधरा मिनिटांनी आपले आपण विझतात.
व्हर्लिनचा हातातला रेडिओ अजून चालतो
हे मला वीजबिलावरून कळलं.

मंगळवारी रात्री मी तिथून जात होते.
आकाशात काही नव्हतं, आवाजही नाही.
आणि एकदम दोन्ही कडा उजळल्या,
पार टोकापर्यंत, एकही दिवा न चुकता.
स्वयंपाकघर अंधारात.
मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.
हे नियमात बसत नाही.
ऑडिटवाले विचारतील, मला काहीतरी सांगावं लागेल.
बसून राहिले, विझेपर्यंत.

महिनाअखेरीला आकडे घ्यायला गेले
तेव्हा मंगळवार आधी पाहिला.
तारीख होती. पुढे रेघ नव्हती.
आर्लिस खोटं मोजत नाही.